विषुववृत्तापासून राकेशचे अंतर

कोथरूड, पुणे
अक्षांश १८° ३१′ उत्तर
मंगळवार, दि. ८ ऑक्टोबर २००२

चि. राकेश यास बाबांचा सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

तुझे दि. २८ सप्टेंबरचे पत्र पोहोचले. आम्ही दोघे ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीच्या आधीच बोलू लागला आहे. औषध घेते, पण पथ्य पाळत नाही. पाऊस संपला. खडकवासला भरलेले आहे, म्हणजे यंदा पाणी दोन्ही वेळा येईल असे महापालिका सांगते.

आता तुझे पत्र.

माथ्यावर तू ‘बंगळूर’ एवढेच लिहिले आहेस. घरच्या पत्रावर गावाच्या नावाखाली अक्षांश लिहायचा, ही आपली पद्धत तू सहावीपासून पाळत आलास. स्टॉकहोमहून मार्चपर्यंत आलेल्या प्रत्येक पत्रावर ५९° २०′ होते. त्यामुळे या वेळी ते अनवधानाने राहिले असे मी मानत नाही. बंगळूरचा अक्षांश १२° ५८′ उत्तर. मी तो तुझ्या पत्रावर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

तुझ्या निवेदनात तीन विधाने आहेत. नोकरी मे महिन्यात गेली, हे पहिले. जुलैच्या अठ्ठावीस तारखेला तू भारतात परतलास, हे दुसरे. ‘तुम्हाला आणि आईला यातले काहीच माहीत नाही, निदान आईला तरी कळू देऊ नका’, हे तिसरे. पहिल्याविषयी माझ्याकडे पुरावा नाही. दुसरे चूक आहे. तिसरे इतके चूक आहे की ते दुरुस्त करायला मला हे सगळे पत्र लागेल.

दर रविवारी रात्री साडेआठला तुझा फोन येतो. तुझी आई जेवणाचे विचारते, खोकल्याचे विचारते, आणि मग तिचा ठरलेला प्रश्न : ‘अंधार पडला का रे तिकडं?’ स्टॉकहोमला हिवाळ्यात दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो आणि उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत मावळत नाही, हे मी तिला पृथ्वीचा गोल फिरवून समजावले होते. तेव्हापासून तिला तिकडच्या उजेडाची तुझ्या प्रकृतीइतकीच काळजी. डिसेंबरात तू म्हणायचास, ‘कधीच पडला.’ एप्रिलात, मेमध्ये म्हणायचास, ‘लख्ख ऊन आहे गं.’ सगळी उत्तरे बरोबर.

मग दि. २३ जूनचा रविवार. वर्षातला सर्वांत मोठा दिवस नुकताच होऊन गेला होता. तिकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असणार, सूर्य चांगला वर. तुझ्या आईने विचारले. तू म्हणालास, ‘हो, मघाशीच पडला. लाइट लावायचाय अजून.’

फोनचा स्पीकर चालू होता. मी समोर बसलो होतो.

जेवताना ‘रोम की न्यूयॉर्क?’ असे मी विचारले की घास तोंडात असताना ‘रोम!’ म्हणून ओरडणारा मुलगा तू. विषुववृत्तापासून कोण लांब, या खेळात तू आठव्या वर्षी मला हरारेवर हरवलेस. दक्षिणेचे शहर आहे म्हणून मी बेसावध राहिलो आणि तू म्हणालास, ‘बाबा, अंतर दोन्हीकडे मोजायचं असतं, पुणंच लांब.’ असा मुलगा जून महिन्यात साठाव्या अंशाजवळ बसून पाच वाजता अंधार पडला म्हणतो, तेव्हा तो तिथे बसलेला नसतो. तू दमला असशील. आईने विचारले, तू खिडकीकडे पाहिलेस, आणि जे दिसले ते तिला सांगून टाकलेस.

मला वाटले की हे फक्त मला कळले. मी विषय बदलला, तुला हवामान विचारले. फोन ठेवल्यावर तुझी आई पदराने रिसीव्हर पुसत म्हणाली, ‘अहो, पोरगं हितंच हाय कुठंतरी.’

‘कशावरून?’

‘तुम्हीच शिकवलं न्हाई का? आत्ता तिथं ऊन असतंय.’ मग म्हणाली, ‘जवळ हाय. बरं झालं.’

ती लोणी काळभोरची. तिचे ‘हाय’ मी संसाराच्या पहिल्या वर्षापासून दुरुस्त करत आलो आहे. त्या दिवशी केले नाही. मी रागावलो होतो. लगेच तुझ्या कंपनीला फोन लावतो म्हणालो. ती म्हणाली, ‘काही लावायचा न्हाई. इचारलंत तर फोनच बंद करील तो. मग कुठं हुडकणार?’ तिचे म्हणणे मला पटले नाही, पण फोन मी लावला नाही.

तेव्हा राकेश, ‘आईला कळू देऊ नका’ हे वाक्य खोडावे. तू इथे आहेस हे तिनेच मला सांगितले आहे.

पुढचे रविवार तुला आठवत असतील. मी तुला सूर्यास्ताची वेळ विचारायचो. सावली किती लांब पडते ते विचारायचो. एकदा, ‘सध्या तू विषुववृत्तापासून किती अंशांवर आहेस रे?’ असेही विचारले. तू हसून म्हणालास, ‘बाबा प्लीज, रविवारी तरी भूगोलाचा तास नको.’ तुला ती म्हाताऱ्याची खोड वाटली. मी दर आठवड्याला तुझ्यासमोर तोच प्रश्न ठेवत होतो, म्हणजे एखाद्या रविवारी तुला खरे उत्तर द्यावेसे वाटले तर प्रश्न तयार असावा. टेलिफोन खात्याचा माणूस आला होता. फोन कुठून येतो ते दाखवणारे यंत्र बसवून देतो म्हणाला. मी नको म्हणालो. मला ते तुझ्याकडून ऐकायचे होते.

आता तक्त्याविषयी. तू त्याचा उल्लेख केला आहेस म्हणून.

सोसायटीच्या फलकावर मी ‘आपली मुले : विषुववृत्तापासून अंतर’ हा तक्ता लावला, तो केवळ माहितीसाठी, असे मी त्या वेळी सर्वांना सांगितले. निमित्त परचुऱ्यांचे होते. त्यांची कन्या न्यू जर्सीला गेल्यापासून ते प्रत्येक सभेत अमेरिकेच्या थंडीविषयी बोलत. न्यू जर्सी चाळीस अंशांवर, म्हणजे रोमच्याही खाली, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, ‘ओव्हाळसर, थंडी अंशांनी वाजत नाही.’ दुसऱ्या दिवशी मी तक्ता लावला. सिंगापूरला गेलेला दातारांचा मुलगा तळाशी, एका अंशावर. लंडन, टोरांटो, न्यू जर्सी मध्ये. आणि सर्वांत वर, लाल शाईने : चि. राकेश बा. ओव्हाळ, स्टॉकहोम, ५९° २०′. लाल शाई माहितीसाठी नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

या इमारतीत आपण १९८८ साली राहायला आलो. आडनाव ऐकल्यावर ‘मूळचे कुठले?’ असे विचारणारे लोक होते, तुझ्या आईने दिलेली वाटी रिकामी परत करता येत नाही या सबबीवर ती घेतच नसत असेही होते. कोणी भांडले नाही. मीही भांडलो नाही. मी शुद्ध बोलत राहिलो, आणि सोसायटीच्या इतिवृत्तातल्या त्यांच्या चुका दुरुस्त करत राहिलो. तुझे आजोबा खडकीच्या कारखान्यात ओझी उचलत. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी मला एकच सांगितले होते की यापुढे आपण चुकलो तर ती चूक आपल्या एकट्याच्या नावावर पडणार नाही. तेच मी तुला सांगितले. ते वाक्य तू पत्रात लिहिले आहेस, आणि पुढे लिहिले आहेस, ‘म्हणूनच मला सांगता आलं नाही.’

वाक्य तू अचूक लिहिले आहेस. ते ऐकून तू असा अर्थ घेशील हे माझ्या ध्यानात कधीच आले नाही. मी ते पत्र मिटून ठेवले.

तक्ता मी २४ जूनलाच काढला. परचुऱ्यांनी विचारले, ‘काय सर, अक्षांश बदलले की काय जगाचे?’ मी म्हणालो, दुरुस्ती चालू आहे. ती साडेतीन महिने चालू राहिली.

या सर्वांपेक्षा गंभीर बाब तुझ्या नियोजित वधूची, मैत्रीची आहे.

तू जानेवारीत रजेवर आलास तेव्हा विश्रांतवाडीला तिच्या घरी आपण गेलो होतो. त्या वेळी तू खरोखर स्टॉकहोमहून आला होतास. तुम्ही दोघांनी एकमेकांना होकार दिला तो खऱ्या परिस्थितीत दिला. तिचे वडील रंगराव शिरसाट साधे गृहस्थ. रेल्वेत गेले, स्वच्छ निवृत्त झाले. मुलीने स्पर्धा परीक्षा देऊन विक्रीकर खात्यात जागा मिळवली, ती त्या घरातली पहिली अधिकारी.

दि. २२ सप्टेंबरला ती एकटीच आपल्याकडे आली. तुझ्या आईसाठी गुडघ्याचा पट्टा आणला होता. भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहून म्हणाली, ‘काका, राकेश म्हणतात तुम्ही जेवताना शहरं विचारायचात. मला विचारा की.’

मी विचारले, ‘लंडन की टोरांटो?’

‘टोरांटो. बर्फ पडतो ना.’

‘लंडन. आठ अंशांनी.’

‘हे काय! मग मी तिथं गेल्यावर रोज हरणार.’ ती हसली. मग तिने बोटाने स्टॉकहोम शोधले आणि तुझ्या आईला म्हणाली, ‘साखरपुडा झाला की राजीनामा देते. साहेब म्हणाले, बिनपगारी रजा दोन वर्षं मिळणार नाही. बाबा नाराज आहेत थोडे, पण दोघांनी दोन देशांत राहण्यात काय अर्थ?’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘काका, आत्ता तिथं उजेड असेल ना? की अंधार?’

तुझी आई स्वयंपाकघरात निघून गेली. मी मैत्रीला म्हणालो, ‘उद्या विषुवदिन आहे. या दिवसांत जगात सगळीकडे दिवस आणि रात्र सारखीच असते.’

‘अरे वा,’ ती म्हणाली. ‘म्हणजे मी आणि राकेश सारख्याच उजेडात.’

माझ्या वाक्यात भूगोलाची चूक नव्हती, भाषेचीही नव्हती. तरी ते असत्य होते, कारण ते मी तिला उत्तर टाळण्यासाठी दिले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी विद्यार्थ्यांना तसे उत्तर कधी दिले नव्हते. ती गेल्यावर तुझ्या आईने मला चहा दिला नाही. पट्टा अजून खोक्यातच आहे.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तुझे पत्र आले, आणि त्यात तुझी योजना. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कंपनीत तुझी मुलाखत झाली आहे. उत्तर ऑक्टोबरअखेर येईल. तोपर्यंत मी शिरसाटांना काही बोलू नये. व्हिसाच्या कागदांसाठी रंगराव तुझा तिकडचा पत्ता मागतात, तेव्हा मी त्यांना थोपवून धरावे. वीस तारखेच्या साखरपुड्याला तू आदल्या दिवशी मुंबईहून विमानतळाची टॅक्सी करून येशील, म्हणजे कोणाला शंका येणार नाही. आणि शेवटी : ‘अ‍ॅमस्टरडॅम झालं की सगळं सरळ होईल बाबा. तुम्हाला मला तक्त्यावर परत वर लावता येईल. ५२° २२′.’

त्या शहराचा अक्षांश लिहायला तू विसरला नाहीस.

राकेश, ज्या गावात तू राहतोस त्याचा आकडा तू गाळलास, आणि ज्या गावात तू अजून पाऊलही टाकलेले नाही त्याचा लिहिलास. हे वाचून मला तुझा राग आला नाही. मला तू लहानपणी विचारलेले आठवले : ‘बाबा, विषुववृत्तावर राहणारी माणसं शून्य का?’ मी सांगितले होते, नाही रे, तिथून मोजायला सुरुवात करतात एवढेच. तुला ते समजले होते. मलाच पुढे लाल शाई वापरायची बुद्धी झाली.

बंगळूरला तू एका लहान कंपनीत कंत्राटावर काम करतोस, पगार निम्मा आहे, खोलीत तिघे राहता. यात लपवण्यासारखे काय आहे ते मला चार वेळा वाचूनही सापडले नाही. लपवण्यासारखे फक्त लपवणे आहे. ते आता थांबवायचे.

म्हणून काल सकाळी मी नवा तक्ता लावला. सर्व नावे एकाच काळ्या शाईत. तळाकडून दुसरे : राकेश बा. ओव्हाळ, बंगळूर, १२° ५८′. परचुरे दूध घेऊन येत होते. चष्मा वर करून त्यांनी दोनदा वाचले.

‘काय हो ओव्हाळसर, सेहेचाळीस अंश घसरलात?’

‘सेहेचाळीस अंश बावीस मिनिटे,’ मी म्हणालो. ‘घसरलो नाही. माहिती चुकीची होती, ती बदलली.’

‘कधीपासून चुकीची होती?’

‘जूनपासून तरी नक्की.’

त्यांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, ‘माझा जावईही मार्चपासून घरीच आहे. न्यू जर्सीत. कोणाला सांगितलेलं नाही.’ मी मान हलवली. परचुऱ्यांशी माझे चौदा वर्षांत झालेले हे पहिले बरे संभाषण.

सोसायटीला सांगायचे होते ते मी सांगितले. नातेवाइकांना तुझी आई सांगेल. तिने सुरुवातही केली असावी, कारण फोन सारखा गुंतलेला असतो. मैत्रीला मात्र मी सांगणार नाही. ते तू तिच्यासमोर बसून सांगायचेस. फोनवर नाही. विमानतळाच्या टॅक्सीतून उतरून नाही. ती ‘नाही’ म्हणू शकेल, आणि तो तिचा अधिकार आहे. पण ती नोकरीचा राजीनामा देणार असेल तर ज्या शहरासाठी देते त्या शहरात कोणीतरी राहत असले पाहिजे.

मुदत सांगतो. सोमवारी, चौदा तारखेला, धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात वंदना आहे. रंगराव येणार आहेत, मैत्री येणार आहे, आणि नेहमीप्रमाणे मला पुढे बसवून पंचशील म्हणायला सांगतील. आषाढ, श्रावण, भाद्रपद या तिन्ही पौर्णिमांना चौथ्या शीलाशी मी आवाज खाली घेतला. खोटे बोलण्यापासून मी अलिप्त राहीन, हे म्हणताना खोकल्याचे निमित्त केले. लोकांनी वयाचा परिणाम समजून सोडून दिले. या सोमवारी रंगरावांच्या शेजारी बसून ते मला जमणार नाही.

तू रविवारपर्यंत आलास आणि तिच्याशी बोललास, तर मी ते मोठ्याने म्हणेन. नाही आलास, तर मी पुढे बसणार नाही. मागे, दाराशी बसेन, आणि रंगरावांनी कारण विचारले तर त्यांना कारण सांगेन. ही धमकी समजू नकोस. मला दुसरे काही करता येत नाही.

पुणे आणि बंगळूर यांत साडेपाच अंशांचे अंतर आहे. तिथून संध्याकाळी निघालेली बस सकाळी स्वारगेटला पोहोचते. स्टॉकहोम असते तर मी तुला मुदत घातली नसती.

तुझी आई म्हणते की तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहावा, सुधारून लिहू नये. लिहितो : ‘मला काय तुझे अंश कळत न्हाईत. ये. खोलीतली चादर बदलून ठेवलीया.’

तुझ्या पत्रातील तारखा खालीलप्रमाणे दुरुस्त कराव्यात.

१३ जानेवारी २००२ : मैत्रीची व तुझी भेट. (तू ‘वीस जानेवारी’ लिहिले आहेस. ही तारीख तिच्यासमोर चुकवू नकोस.)

मे २००२ : नोकरी गेली. तुझ्या शब्दावर मान्य.

२८ जुलै २००२ : खोडावी. या दिवशी कोणी कुठूनही परतले नाही.

२३ जून २००२ : या तारखेला तू भारतात होतास. प्रत्यक्ष कधी परतलास ते मला ठाऊक नाही. तू सांगशील तेव्हा लिहीन.

त्याच दिवशी, रात्री पावणेनऊच्या सुमारास : आईला कळले. त्याआधी पाच मिनिटे : मला.

२२ सप्टेंबर २००२ : मैत्रीला अर्धवट उत्तर दिले. तुझ्याकडून नव्हे, माझ्याकडून.

७ ऑक्टोबर २००२ : तक्ता दुरुस्त झाला.

__ ऑक्टोबर २००२ : राकेश पुण्यास आला. जागा कोरी ठेवली आहे. तेरापर्यंतचा कोणताही आकडा बरोबर धरला जाईल.

वाट पाहत असलेले,
तुझे बाबा